थांबलेल्या हृदयावरचे टाके आणि सेन्सर

मिट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, दुरुस्ती करताना सर्जनच्या हाताखालचे हृदय सहसा थांबलेले असते, आणि त्या दुरुस्तीची खरी परीक्षा मात्र हृदय पुन्हा धडधडू लागल्यावरच होते. नागपुरात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवताना मला या विषयाने ओढून घेतले ते याच एका अडचणीमुळे.

हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे हार्ट-लंग मशीन सुरू असताना सर्जन डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) सलाईन भरून झडपेच्या पाकळ्या नीट मिटतात का, हे पाहतात. ही चाचणी उपयोगी आहे, पण त्या वेळी स्नायू सैल पडलेला असतो. प्रत्येक ठोक्याला झडपेवर येणारा सुमारे 120 मिलिमीटर पाऱ्याचा दाब आणि पाकळ्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंना मिळणारा हिसका तिथे नसतो. हृदय सुरू झाल्यावर अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेतून गळती दिसली, तर रुग्णाला पुन्हा मशीनवर घेऊन हृदय पुन्हा थांबवावे लागते.

मटणाच्या दुकानातून आणलेले बकऱ्याचे हृदय प्रयोगशाळेत उघडून पाहिले, तर प्रश्न किती नाजूक आहे ते कळते. पाकळ्यांच्या कडांना धरणारे तंतू शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक असतात, पाकळीच्या पोटाला धरणारे त्याहून जाड असतात, आणि चिमट्याने एक तंतू जरासा ओढला की पाकळीचा बराच मोठा भाग सोबत सरकतो. माणसाच्या झडपेत असा तंतू तुटला की त्याच्या जागी गोर-टेक्सचा धागा बसवतात. त्याची लांबी थोडी जास्त झाली तर पाकळी वर उसळते आणि थोडी कमी झाली तर ती मिटतच नाही. ही लांबी आजही प्रामुख्याने सर्जनच्या नजरेवर आणि अनुभवावर ठरते.

धाग्यावर येणारा ताण मोजता आला तर या नजरेला आधार मिळेल, आणि तो मोजण्यासाठी मला फायबर ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित करणारा काचेचा तंतू, हा मार्ग सर्वांत योग्य वाटतो. काचेच्या 125 मायक्रॉन जाडीच्या तंतूवर ताण आला की त्यातून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते: 1550 नॅनोमीटरच्या आसपास दर मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग इतक्या बदलाला) सुमारे 1.2 पिकोमीटर. हृदयात विजेचा प्रवाह न्यावा लागत नाही आणि कॉटरीचा (विजेने ऊती कापण्याच्या, रक्तस्राव थांबवण्याच्या उपकरणाचा) अडथळाही येत नाही. पण हाच तंतू तापमानालाही तितकाच संवेदनशील आहे. दर अंशाला सुमारे 10 पिकोमीटर. थंड केलेले हृदय 20 अंशांनी पुन्हा उबदार झाले, तर ताण अजिबात नसतानाही सुमारे 165 मायक्रोस्ट्रेन इतके वाचन दिसेल. म्हणून शेजारी ताणमुक्त असे दुसरे ग्रेटिंग ठेवून तापमानाचा वाटा वजा करावाच लागतो. हे ज्या उपकरणात नाही, त्याच्या आकड्यावर सर्जनने विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असा सेन्सर वापरण्याची सुरुवात कुठून करावी, याविषयीही माझे मत ठाम झाले आहे. हृदय न थांबवता, त्याच्या टोकातून उपकरण आत नेऊन धागा बसवण्याची एक पद्धत आहे; तिच्यात धाग्याची टोके हृदयाबाहेर येतात आणि सर्जन इको पाहत ती ओढून लांबी ठरवतात. इथे सेन्सर हृदयाच्या आत ठेवण्याची गरजच नाही, बाहेरच्या टोकावरच प्रत्येक ठोक्याचा ताण मोजता येतो. शिवाय सर्जनला पडद्यावर दहा आलेख नकोत. धागा आणखी ओढायचा की इथेच थांबायचे, एवढ्या एका निर्णयाला आधार मिळाला तरी पुष्कळ झाले.

विदर्भातून येणाऱ्या रुग्णांचा विचार केला की या कामाची निकड जास्तच जाणवते. लहानपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप बिघडलेल्या अनेक तरुण स्त्रिया असतात. धातूची किंवा कार्बनची झडप बसवली की रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर आणि तिच्यासोबत आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची) तपासणीही जन्मभर, आणि गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत हीच गोळी बाळाला अपाय करू शकते. स्वतःची झडप वाचली तर यातले बरेच टळते. पण ऱ्हुमॅटिक झडपेच्या पाकळ्या जाड आणि आखडलेल्या, तंतू एकमेकांना चिकटलेले असतात, आणि निरोगी झडपेवर ठरवलेली ताणाची मर्यादा तिला लागू होईलच असे नाही. त्यामुळे या सेन्सरच्या आमच्या चाचण्यांमध्ये मऊ, निरोगी ऊतींबरोबर मुद्दाम कडक केलेल्या ऊतींचाही समावेश सुरुवातीपासूनच असावा, हा माझा आग्रह आहे.