हरवलेला ‘ह’

शेजारच्या आजींचं वय शहाऐंशी. ब्रॅडफर्डमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरी केलेला केक घेऊन आल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक जुनी वही माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, “माझे आजोबा १८८१च्या जनगणनेत कुठेच नाहीत. तू बघशील का?”

इंग्लंडमध्ये १८४१पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं. शंभर वर्षं झाली की ते कागद सगळ्यांना खुले होतात. सध्या १९२१पर्यंतचे पाहता येतात. १९३१चे कागद १९४२मध्ये आगीत जळाले आणि १९४१मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही, त्यामुळे पुढचे येतील ते थेट १९५१चे, २०५२ साली. आपल्याकडे इंग्रजांच्या काळातल्या जनगणनेचे आकडे उरले, नावं नाहीत. माझ्या पणजोबांचं नाव मी पाहिलं ते त्र्यंबकेश्वरला, उपाध्यायांच्या वहीत. म्हणून असं घरबसल्या कुणाचं तरी कुटुंब उलगडताना मला अजूनही भरून येतं.

१९११चा फॉर्म लगेच मिळाला. त्या वर्षीचे कुटुंबप्रमुखानं भरून दिलेले मूळ कागद जपून ठेवलेत. आजोबांचं ठसठशीत अक्षर: अल्बर्ट हेन्सवर्थ, वय ३८, लोकरीच्या गिरणीत कामगार, जन्म थॉर्नटन. म्हणजे १८८१मध्ये हा आठ वर्षांचा मुलगा थॉर्नटनमध्येच असायला हवा. पण हेन्सवर्थ आडनावाचे जेवढे अल्बर्ट सापडले, त्यांतला एकही आमचा नव्हता.

तीन संध्याकाळी अशाच गेल्या. मग मी आडनावाचा रकाना रिकामा सोडला. फक्त अल्बर्ट, थॉर्नटन, जन्म १८७१ ते १८७५. यादी आली आणि तिच्यात एक ‘एन्सवर्थ’ होता. आई ‘ॲना’.

आजींच्या वहीत पणजीचं नाव होतं हॅना.

मी ते मोठ्यानं वाचलं आणि आजी एकदम म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे ‘ह’ कोण उच्चारतं!” ब्रॅडफर्ड ज्या भागात आहे त्या यॉर्कशरच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळतो. गणक घरोघर फॉर्म वाटायचा, नंतर येऊन गोळा करायचा, आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा स्वतः भरायचा. हॅनाबाईंनी दारात उभं राहून नाव सांगितलं असेल आणि त्यानं ऐकलं तसं लिहिलं असेल. त्यावरून पुन्हा गणकाच्या वहीत नक्कल झाली, आणि आपल्याला आज दिसते ती नक्कलच. भावंडांची नावं पडताळली, चारही जुळली. आजींनी पडद्यावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शोध इथे संपला असता, पण १९११च्या फॉर्मवर आणखी एक गोष्ट होती, ती मीच आधी नीट पाहिली नव्हती. विवाहित बाईला किती मुलं झाली, किती हयात आहेत, किती गेली, असे रकाने त्या वर्षी मुद्दाम घातले होते. अल्बर्टनं लिहिलं होतं: लग्नाला चौदा वर्षं, मुलं सात, हयात चार, मृत तीन.

आजींना चारच माहीत होती. त्यांचे वडील त्यांतले सगळ्यांत धाकटे.

ती तिन्ही बाळं दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मली आणि गेली, म्हणून कुठल्याच यादीत त्यांचं नाव नाही. आता मी जन्म-मृत्यू नोंदणीची सूची चाळते आहे. तिच्यात बाळाच्या जन्मनोंदीसोबत आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, त्यावरून घर जुळवता येतं. दोघं मिळाली: एक हॅना, अल्बर्टच्या आईचंच नाव ठेवलेली, आणि एक विल्यम. तिसऱ्यासाठी मी काल ‘ह’ नसलेल्या आडनावाखाली शोधायला सुरुवात केली आहे.