खारपाणपट्ट्यातील गाडीचा रंग : पीपीएफ आणि सिरॅमिक कोटिंगची आतापर्यंतची नोंद

पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंग वाचवण्यासाठी त्यावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, आपल्या बोलण्यातले पीपीएफ, गाडीच्या कोणत्या भागावर आधी लावावे याचे जे ठरावीक आराखडे आहेत, ते महामार्गावर धावणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेले आहेत. त्यांत पुढचा बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर आणि आरसे यांचा मान पहिला असतो, कारण समोरच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेली गिट्टी तेथेच येऊन आदळते. माझी गाडी दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत रोज चालते, आणि तिचे दुखणे वेगळे आहे. वावरात जाण्याच्या पांदणीवर दोन्ही धुऱ्यांवरच्या बाभळी आणि बोरी आत झुकलेल्या असतात. गाडी कितीही सावकाश नेली तरी त्यांचे काटे दोन्ही बाजूंच्या दारांवर, हँडलच्या थोडे खाली, लांबच लांब आडव्या रेघा ओढतात. कापूस वेचणी संपल्यावर पऱ्हाटी भरलेली ट्रॉली समोरून आली की तीच गत मागच्या फेंडरची होते. त्याच्या भरीला आमच्या बोअरचे पाणी आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातील, भूजल पिण्याला तर सोडाच, गाडी धुवायलाही फार वाईट. म्हणून आपल्या भागात फिल्म कोठे लावायची हे काट्यांनी ठरवावे आणि रंगावर द्यायचे सिरॅमिक कोटिंग, म्हणजे सिलिकाचा पातळ संरक्षक थर, किती टिकेल हे पाणी ठरवते, अशा निष्कर्षाप्रत मी आलो आहे, आणि पुढची सगळी नोंद त्याच अंगाने केली आहे.

गाडी गडद निळ्या रंगाची असल्याने प्रत्येक रेघ उन्हात उठून दिसते. काम सुरू करण्यापूर्वी जाडी मोजण्याच्या यंत्राने पत्र्याचा प्रत्येक भाग तपासला. कारखान्यातून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस सहसा या क्लिअर कोटहून जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे दर वर्षी गाडी पॉलिश करून घेणे किती महागात पडू शकते ते कळते. माझ्या गाडीवर बहुतेक ठिकाणी ११० ते १३० हे आकडे आले. फक्त डाव्या मागच्या फेंडरवर यंत्राने २४० दाखवले, म्हणजे तो भाग पूर्वी कधीतरी पुन्हा रंगवलेला आहे. ही गाडी जुनी विकत घेतलेली असल्याने त्याचे आश्चर्य वाटले नाही, पण निर्णय मात्र बदलला. बाहेरच्या गॅरेजमध्ये मारलेला रंग खालच्या थराला किती घट्ट धरून आहे याची खात्री नसते, आणि पुढे फिल्म काढताना तिच्या गोंदाबरोबर रंगाची पापुद्री निघून येऊ शकते. म्हणून त्या फेंडरवर फिल्म लावली नाही. तेथे केवळ कोटिंग आहे. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे हे यंत्र तेथे चालत नाही, ही गोष्ट नव्याने यंत्र घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

फिल्म निवडण्यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. बाजारात पीव्हीसी, टीपीएच आणि टीपीयू अशी तीन प्रकारची फिल्म मिळते आणि ग्राहकाला तिन्ही एकाच नावाने विकली जातात. यांपैकी खरी उपयोगाची ती टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची. साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीच्या या लवचीक थरावर एक वेगळा पातळ लेप असतो, आणि बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येण्याचा जो गुण सांगितला जातो तो या वरच्या लेपाचा असतो. टीपीयूमध्येही ॲरोमॅटिक आणि ॲलिफॅटिक असे दोन भेद आहेत. पहिला अतिनील किरणांनी लवकर पिवळा पडतो, दुसरा बराच काळ स्वच्छ राहतो. हे सगळे छापील पत्रकावर वाचून समाधान होत नसल्याने मी दोन दुकानांतून कापून उरलेले तुकडे मागून आणले, पांढऱ्या रंगाच्या टिनावर चिकटवले, प्रत्येकाचा अर्धा भाग झाकला आणि पूर्ण उन्हाळा ते गोठ्याच्या छपरावर राहू दिले. स्वस्त तुकड्याचा उघडा भाग पावसाळ्याच्या तोंडाशी हळदीसारखा पिवळा झाला होता आणि कडेने ताठ होऊन सुटला होता. दुसऱ्यात डोळ्याला जाणवेल असा फरक पडला नव्हता. ज्यांना इतके थांबणे शक्य नाही त्यांनी तुकड्यावर पितळी ब्रशने हलके ओरखडे काढून त्यावर गरम पाणी ओतून पाहावे. चांगल्या टीपीयूवरचे ओरखडे पाहता पाहता नाहीसे होतात. पीव्हीसीवरचे तसेच राहतात.

बॉनेट आणि पुढच्या बंपरच्या वळणांवर फिल्म ताणून बसवणे हे सरावाच्या हाताचे काम आहे, म्हणून ते अमरावतीच्या एका फिटरकडून करून घेतले. त्याचा आग्रह होता की तेवढे पुरेसे आहे. "भाऊ, दारांना कोणी लावत नाही, फुकट खर्च होईल," असे तो म्हणाला. मी त्याला दारांवरच्या रेघा बोटाने दाखवल्या, तेव्हा त्याने स्वतःच उरलेल्या गुंडाळीतून दारांच्या मापाच्या पट्ट्या काढून दिल्या आणि सपाट भागावर पट्टी कशी बसवायची ते बंपरचे काम चालू असताना समजावून सांगितले. त्याबद्दल मी त्याचा मनापासून ऋणी आहे. चारही दारांचा मधला पट्टा, हँडलमागची खोलगट वाटी, दाराखालचा उंबरठा आणि डिकीची सामान चढवण्याची कड हे भाग मग मी घरी केले.

घरी काम करताना दोन गोष्टींनी कसोटी पाहिली. एक म्हणजे रुई. वेचणीच्या दिवसांत आमच्या गावातील हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगत असतात, कपड्यांना चिकटतात, आणि फिल्मखाली एक तंतू अडकला तरी तो कायमचा दिसत राहतो. यावर उपाय म्हणून धान्याच्या कोठाराची दारे बंद केली, फरशी ओली ठेवली, पंखा लावला नाही, सुती सदरा सोडून गुळगुळीत पॉलिस्टरचा अंगात घातला आणि भल्या पहाटे, वारा सुटण्याआधी काम उरकले. दुसरी गोष्ट पाण्याची. फिल्म सरकवण्यासाठी बेबी शाम्पूचे काही थेंब टाकलेले पाणी आणि ती धरून ठेवण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेले पाणी लागते. बोअरच्या पाण्यात शाम्पूला नीट फेस येत नाही, शिवाय स्क्वीजीने, म्हणजे पाणी रेटण्याच्या रबरी पट्टीने, कितीही रेटले तरी थोडा ओलावा फिल्मखाली राहतोच आणि तो सुकल्यावर त्यातला क्षार तेथेच पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. म्हणून दोन्ही मिश्रणांसाठी आरओच्या पाण्याची कॅन वापरली. नंतर पहिल्या आठवड्यात फिल्मखाली पाण्याचे धूसर फुगे दिसतात, ते हळूहळू विरतात. त्यांना टाचणी लावू नये.

फिल्म आधी आणि सिरॅमिक कोटिंग नंतर, हा क्रम उलटवू नये, कारण कोटिंग झालेल्या निसरड्या पृष्ठभागावर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. त्यामुळे फिल्म पूर्ण बसल्यावर उरलेला रंग कोटिंगसाठी तयार केला. लोहकण विरघळवणारे द्रावण फवारले तेव्हा मागच्या खालच्या भागावर जांभळे ओघळ उतरले. ते ब्रेकच्या धुळीचे होते. मग क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी, फिरवला, सर्वांत मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन काट्यांच्या उथळ रेघा कमी केल्या. खोल रेघा तशाच राहू दिल्या, कारण त्या पूर्ण घालवायच्या म्हणजे क्लिअर कोटचा मोठा हिस्सा कायमचा घासून टाकायचा, आणि तो परत मिळत नाही.

कोटिंगविषयी आपल्या मंडळींत असलेला एक गैरसमज येथे दूर करायला हवा. बाटलीवर लिहिलेले ९एच हे अंक पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतले आहेत, खनिजांच्या मोजपट्टीवरचे नव्हेत. वाळूचा कण या कोटिंगला सहज ओरखडतो. सिलिकावर आधारित हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीचा असतो. तो गिट्टी अडवत नाही, काटाही अडवत नाही. पाणी आणि चिखल पृष्ठभागावर घट्ट न बसू देणे, पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्ल आणि किड्यांचा रस रंगापर्यंत लवकर न पोचू देणे आणि धुणे सोपे करणे, एवढेच त्याचे काम, आणि धुळीच्या मुलखात ते काम फार मोलाचे आहे.

कोटिंग लावण्यासाठी आपल्याकडे दिवाळीनंतरचा आणि होळीपूर्वीचा काळ सोडला तर दुसरा योग्य काळ नाही. मे महिन्यात विदर्भातील पारा ४५ अंशांच्या वर जातो, गडद रंगाच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, आणि कोटिंग पुसायला फडके हातात घेईपर्यंत ते वाळून डाग धरते. पावसाळ्यात हवेतील दमटपणा जास्त असतो. मी डिसेंबरात, कोठारात, सकाळचा गारठा ओसरल्यावर काम केले. दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढाच भाग घेऊन कोटिंग आधी आडवे, मग उभे फिरवायचे, त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग उमटू लागले की मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने समतल करायचे, आणि लगेच टॉर्च तिरकी धरून उंचवटा राहिला नाही ना हे पाहायचे. फिल्मवरही तेच कोटिंग दिले. गाडी रात्री बाहेर ठेवली नाही, कारण ताज्या कोटिंगवर दव पडणेही चांगले नसते, आणि पहिला आठवडा तिला साबण लावला नाही.

उन्हाळ्यात खरी परीक्षा सुरू झाली आणि ती पाण्याची होती. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आमच्या बोअरचे पाणी १८०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर जाते, शहानूरच्या योजनेचे नळाचे पाणी ३०० च्या आत राहते आणि आरओची कॅन ५० च्या आसपास. लोकांना वाटते की कोटिंग असले म्हणजे पाण्याचे डाग पडत नाहीत. प्रत्यक्षात पाणी गोल थेंबांच्या रूपाने उभे राहते, आणि उभा राहिलेला प्रत्येक थेंब वाळताना आपल्यातला सगळा क्षार एकाच लहानशा ठिपक्यात सोडतो. खारपाणपट्ट्यातील पाण्याच्या डागांचा एक भाग सोडियमच्या क्षारांचा असतो, तो साध्या पाण्याने निघतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे जे कडे मागे राहते त्याला पातळ केलेला पांढरा व्हिनेगर लागतो, आणि तोही न वाळू देता लगेच धुवावा लागतो. म्हणून आता माझी पद्धत ठरली आहे. पहिला धुळीचा थर बोअरच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढतो, कारण तेथे पाणी भरपूर लागते आणि नळाचे पाणी आमच्याकडे रोज येत नाही. फोम आणि दोन बादल्यांचे (एकीत साबण, दुसरीत फडके खळबळायचे पाणी) धुणे नळाच्या साठवलेल्या पाण्याने करतो. शेवटची धार झारीने, आरओच्या पाण्याची, वरून खाली देतो, आणि जाड टॉवेलने टिपतो. हे सगळे सूर्य वर येण्याआधी संपवतो. फवाऱ्याचे तोंड फिल्मच्या कडेपासून हातभर लांब आणि सरळ धरावे. तिरके धरले की कड उचलली जाते.

कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची आपल्या घराघरांतली सवय मात्र या सर्व खर्चावर पाणी फिरवते. घरात माझ्या पुतण्याला हे पटवायला वेळ लागला. शेवटी त्यालाच टॉर्च देऊन छताचा न झटकलेला भाग आणि रोज झटकला जाणारा डिकीचा भाग शेजारी शेजारी पाहायला लावले. "काका, हे तर जाळ्यावानी दिसते," असे तो म्हणाला, आणि तेव्हापासून फडके गाडीत ठेवलेले नाही.

पावसाळ्यातील काळी माती चाकांच्या कमानींत आणि उंबरठ्यांवर थापल्यासारखी बसते. वाळली की ती आकसते आणि खरवडल्याशिवाय निघत नाही, आणि खरवडले की रंग जातो. कोटिंग झाल्यापासून ती भिजवून अर्धा तास ठेवली तर मोठ्या थरांनी खाली उतरते. याच एका फरकासाठीसुद्धा मी कोटिंग पुन्हा करीन. वावराच्या कडेला गाडी उभी असताना शेजारी फवारणी चालू असेल तर विद्राव्य खतांचे आणि औषधांचे तुषार येऊन बसतात, ते त्याच दिवशी धुवावेत. संध्याकाळी दिव्यावर येणाऱ्या किड्यांचा थर बंपरवरून ओले फडके काही वेळ पसरून ठेवल्यावर सहज निघतो.

सध्याची स्थिती अशी आहे. बॉनेटवरच्या फिल्मवरील बारीक जाळी उन्हात स्वतःहून भरून निघते. दारे बहुधा सावलीत असल्याने तेथे हाताला सोसवेल इतपत गरम पाणी ओतावे लागते. उजव्या मागच्या दारावर एका बाभळीच्या काट्याने फिल्म आरपार न जाता खोल कोरली आहे. ती खोच वरच्या लेपाच्या खाली गेलेली असल्याने भरणार नाही, पण तिच्याखालचा रंग शाबूत आहे. डाव्या मागच्या फेंडरवर, जेथे केवळ कोटिंग आहे, तेथे नव्या रेघा आल्या आहेत. कोटिंगवर थेंब अजून छतावर उत्तम उभे राहतात, उंबरठ्यांवर मात्र पाणी पसरू लागले आहे. व्हिनेगरने क्षार काढल्यावर त्यातला बराच गुण परत आला, म्हणजे तेथे कोटिंग गेले नव्हते, क्षाराखाली झाकले गेले होते. दिवाळीनंतर उजव्या दाराची पट्टी हीट गनने ऊब देऊन, हळूहळू खाली ओढत काढणार आहे आणि तिच्याखालची जाडी पुन्हा मोजणार आहे. फेंडरचा रंग तोपर्यंत स्थिर असल्याचे दिसले तर कडेच्या आतल्या भागावर फिल्मचा लहान तुकडा लावून तो काढून पाहीन, आणि रंग उचलला गेला नाही तरच तेथे पूर्ण पट्टी बसवीन.