हळदीचं पान, कचोऱ्याचं पान

मी सांगलीची. हळदीच्या पेठेच्या गावातली, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, लहानपणी पाहिलेली. पण हळद पाहिली ती पोत्यात आणि पेवात, वाढलेली कधी नाही. हे कळायला लग्न होऊन गोव्यात यावं लागलं.

फोंडा तालुक्यात सासरचं कुळागर आहे. वर माड-पोफळी, त्यांना चढलेली मिरवेल, मधे केळी आणि जायफळ, आणि खाली सावलीत पाटाच्या कडेनं हिरवीगार रुंद पानं. पहिल्या नागपंचमीला मांयनी, म्हणजे सासूबाईंनी, पातोळ्यांसाठी हळदीची पानं आणायला पाठवलं. मी वीसेक चांगली लांबरुंद पानं निवडून आणली. तांदळाचं पीठ लावून, गूळखोबऱ्याचं चून भरून मोदकपात्रात ठेवली, आणि दहा मिनिटांत घरभर कापराचा, औषधी वास सुटला. मांयनी झाकण काढलं. "ही हळद न्हय गो, कचोरो!" कचोरा म्हणजे हळदीचाच भाऊबंद. पातोळ्या कडवट लागत होत्या. दीराने दोन खाल्ल्या, ते त्याच्या चांगुलपणाने.

मला वाटलं, फुलांवरून ओळखू. तिथेच चूक झाली. आमच्याकडच्या हळदीच्या या सगळ्या भावंडांची फुलं पिवळीच. वरची गुलाबी किंवा पांढरी दिसतात ती खरं तर पाकळ्या नव्हेत, ती फुलांच्या कणसावरची रंगीत पानं. पिवळं फूल खाली त्यांच्या खिशात बसलेलं असतं आणि एका दिवसात कोमेजतं. पहिल्या पावसाळ्यात मी वहीत 'पिवळं, गुलाबी शेंडा' असं चार ठिकाणी लिहून ठेवलं आणि चारही वेगळी निघाली. मांय हसत म्हणाल्या, "फूल कित्याक पळयता? पान पळय." फूल कशाला बघतेस, पान बघ.

दुसऱ्या वर्षी जुनी लुगडी फाडून रंगीत चिंध्या केल्या आणि प्रत्येक गड्ड्याशेजारी काठी रोवली, ओळख पटली की तिला चिंधी बांधायची. मेअखेरीपासून रोज सकाळी फेरी. पहिला धागा तेव्हा हाती लागला. काही ठिकाणी पाऊस पडता पडता, पानं नीट वर येण्याआधीच, जमिनीतून बाजूला गुलाबी शेंड्याचं कणीस उभं राहिलं. खरी हळद असं करत नाही. तिचं कणीस भर पावसाळ्यात पानांच्या मधोमध येतं आणि शेंडा बहुधा पांढरट. तेव्हा जून-जुलैत उघड्या मातीतून फूल आलं की पातोळ्यांच्या यादीतून तो गड्डा बाद. पण रानहळद दोन्ही प्रकारे फुलते, आधी बाजूने, पुढे पानांतूनही, म्हणून एवढ्यावर निभत नाही.

मग पान. कचोऱ्याच्या पानाच्या मधल्या शिरेला लागून जांभळट पट्टा असतो, कोवळ्या पानावर ठसठशीत. आमच्या विहिरीकडच्या वाफ्यात जुन्या पानांवर तो इतका फिकट झाला होता की पहिल्या वर्षी मला दिसलाच नव्हता. शिवाय काळ्या हळदीलाही तसाच पट्टा असतो. तिचा गड्डा कापला की आतून निळसर निघतो, मग वाद उरत नाही. वनहळद रानहळदीहून निराळी, तिचं पान उलटं करून बोट फिरवलं तर मखमलीसारखं लागतं, हळदीचं गुळगुळीत. ही पाठ तपासायची सवय मला सगळ्यात उपयोगी पडली, कारण ती फुलाची वाट पाहत नाही. वासाचं म्हणाल तर नाकावर भर पावसात फारसा भरवसा ठेवू नये. चार पानं चुरगाळली की पाचव्याचा वास कळेनासा होतो.

शेवटी शंका उरली तिथे थोडं उकरून कापलं. हळद आतून गर्द नारिंगी. आंबेहळद फिकट, आणि कैरीचा असा वास की लगेच लोणचं आठवतं. रानहळदीच्या मुळांना दोऱ्यांवर टांगल्यासारखे छोटे, आतून पांढरे कंद. नावांचा घोळ मात्र उकरून सुटत नाही. मुका मारावर लावायला कोणी 'आंबेहळद' देतं ती बऱ्याचदा कैरीच्या वासाची नसतेच, आणि 'रानहळद' तर गावात प्रत्येकाची निराळी.

एवढी सरमिसळ झाली कशी? हळद बी धरत नाही, तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ६३, त्यामुळे ती फक्त कंदातून वाढते. म्हणजे बियांनी कुठून उडून आली नाही. पाट साफ करताना उकरलेली माती आम्हीच वर्षानुवर्षं इकडून तिकडे टाकली, तिच्यातून तुकडे गेले.

यंदा नागपंचमीला मी पानं आणली तेव्हा मांयनी एकेक उलटं करून पाहिलं, दोन बाजूला काढली आणि बाकीची धुवायला टाकली. त्या दोनांत काय चुकलं, विचारलं तर म्हणाल्या, "किडीनं खाल्ल्यात." पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, शेजारच्या ख्रिस्ती बाईंच्या घरीही पातोळ्या असतात, त्यांनी या वेळी पानं आमच्याकडूनच नेली.

पायरीखालच्या कोपऱ्यातला एक गड्डा अजून फुललेला नाही. पाठ गुळगुळीत, पट्टा नाही, वास अर्धवट. त्याच्या काठीला चिंधी बांधलेली नाही, आणि मांय म्हणतात, उकरू नकोस, वाढू दे.