फ्लेक्सवरचा शमशोन

आमच्या पेठेतल्या चौकात फ्लेक्स लागला नाही असा आठवडा जात नाही. वाढदिवस, निवड, फेरनिवड, आणि काहीच नसलं तर नुसतंच 'भावी'. गेल्या उन्हाळ्यात तिथं एक नेते कर्णाच्या वेशात उभे होते. मागं रथ, खाली गॉगल लावलेल्या तीस-चाळीस पोरांचे फोटो. रथाचं चाक चिखलात रुतलेलं होतं. ते डिझाइन करणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. किंवा चांगलंच आलं असावं.

समोरच्या गाड्यावर मी आणि शेजारचे काका चहा घेत होतो. काका निवृत्त मास्तर. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. रविवारी देवळात उपासना, बाकीचे सहा दिवस खासबागेतल्या जुन्या कुस्त्यांच्या गप्पा. फ्लेक्सकडं बघत म्हणाले, "आमच्यातबी हेच चाललंय की. तिकडं, अमेरिकेत."

ट्रम्प यांच्याबद्दल बोलत होते. माणूस धुतल्या तांदळासारखा नाही, हे त्यांना मत देणाऱ्या तिथल्या भाविकांनाही दिसतं. तीन लग्नं, बायकांबद्दलची ती 2016 मध्ये बाहेर आलेली टेप, जिभेला हाड नाही. मग मनाची समजूत घालायला बायबल उघडायचं आणि साहेबांना शोभेल असा कुणीतरी त्यात शोधायचा. आधी सापडला कोरेश. हा इराणचा राजा, स्वतः यहुदी नव्हे, पण बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बंदिवासातून यहुद्यांना त्यानंच घरी जाऊ दिलं. त्याचं नाव येतं बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाच्या 45 व्या अध्यायात, आणि ट्रम्प पहिल्या खेपेला 45 वे अध्यक्ष! आकडा लागला म्हटल्यावर पुढचं काय विचारता. मार्च 2018 मध्ये इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनीही व्हाइट हाउसमध्ये बसून त्यांच्यासमोर कोरेशची आठवण काढली.

कोरेश पुरेना, तेव्हा बायबलातलेच दावीद राजा आणि बलदंड शमशोन आले. देव वाकड्या लाकडाचीही काठी करतो, असा एकूण युक्तिवाद. तो खोटा आहे असं काकाही म्हणत नाहीत.

शमशोन तर काकांचा लाडका. गडी पैलवान ना! नुसत्या हातांनी सिंह फाडला, गाढवाच्या जाभाडानं हजार पलिष्टी, म्हणजे त्याच्या लोकांचे वैरी, लोळवले, गाझा शहराची वेस खांबांसकट उपटून डोंगरावर नेऊन ठेवली. तीनशे कोल्हे धरून त्यांच्या शेपट्या जोडीजोडीनं बांधल्या, मध्ये पेटत्या मशाली खोचल्या आणि सोडले शत्रूच्या उभ्या पिकात. उसाच्या फडाला काडी लागलेली ज्यानं पाहिलीय त्याला हे वाचताना घाम फुटतो. पण लंगोटाचा ढिला. त्याचा जीव जडला त्या दलीलेला, ताकदीचं मर्म काढून घ्यायला, पलिष्ट्यांच्या एकेका सरदारानं चांदीची अकराशे नाणी कबूल केली होती, आणि तिनं तीनदा फसवायचा प्रयत्न केलेला बघूनही यानं चौथ्यांदा आपली ताकद केसांत असल्याचं गुपित सांगून टाकलं. "एवढी ताकद," काका म्हणाले, "आणि वस्ताद न्हाई."

ही 'वस्ताद न्हाई' गोष्ट मला फार पुढची वाटली. कारण दावीदाला वस्ताद होता.

दावीदानं गच्चीवरून अंघोळ करणारी बथशेबा पाहिली, तिला बोलावून घेतली, आणि भानगड अंगाशी येतेय म्हटल्यावर तिचा नवरा उरीया याला लढाईत मुद्दाम पुढं घालून मारवला. तेव्हा नाथान संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, दरबारात आला. ओरडला नाही. गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडं मेंढरंच मेंढरं, गरिबाकडं एकच मेंढी, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. पाहुणा आला तर श्रीमंतानं तीच उचलून कापली. दावीद भडकला, असल्या माणसाला मरणच पाहिजे म्हणाला. नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस."

आणि राजानं त्याची जीभ छाटली नाही. 'मी पाप केलं' म्हणाला. तरी सुटला नाहीच. बथशेबापासून झालेलं लेकरू गेलं, पुढं पोटचा अबशालोम बंड करून उठला.

नेत्याला दावीद म्हणणारे बथशेबापर्यंत येतात आणि तिथंच पुस्तक मिटतात. चुकला तरी देवाचा लाडका, एवढंच त्यांना पाहिजे असतं. नाथानाला फ्लेक्सवर जागा नसते. पोरांच्या फोटोंतच ती संपते.

"आणि शमशोन म्हणणारे?" मी विचारलं.

"त्याचा शेवट ठाऊक हाय न्हवं? डोळे काढले, जातं ओढायला लावलं. मग एक दिवस तमाशा दाखवायला मंदिरात आणला. त्यानं दोन खांब धरले आणि पाडलं समदं. माळवदावरच तीन हजार माणसं हुती, खाली आणि वेगळी. स्वतःबी मेला त्यातच."

तेवढ्यात वळीव आला. चहावाल्यानं आम्हाला आत ओढलं. वर छप्पर म्हणून कुठल्याशा जुन्या निवडणुकीचा फ्लेक्स ताणला होता. साहेब उलटे, हात जोडलेले, पोटात पाणी साठून फुगलेले.

काकांनी कप खाली ठेवला आणि बांबू हलवून बघितला.

"जरा भाईर थांबूया," म्हणाले, "भिजलो तर भिजलो."