पाचवी चिमणी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळखीच्या एका काकूंना त्यांचा फोन सापडत नव्हता म्हणून मी माझ्या मोबाईलवरून रिंग दिली, तर शेजारच्याच उशीखाली वाजला, आणि उचलून त्यांच्या हातात देताना स्क्रीनवर माझं नाव काय दिसलं तर 'डॉक्टरची बहीण'. आठ वर्षांची ओळख आमची. त्या हसल्या, मीही हसले, आणि घरी येऊन खूप रडले.

काकूंचा राग नव्हता आला. ते मला खरंच वाटलं, म्हणून रडले. ताई हुशार, ताईचं मेडिकल, आणि मी तिच्या मागून येणारी. ताईनं कधीच मला कमी लेखलं नाही हे आवर्जून सांगते, तुलना माझ्याच डोक्यात चालायची, आणि तीच घेऊन मी प्रार्थनेलाही बसायचे. देवालासुद्धा माझ्यापेक्षा तिचाच जास्त उपयोग होत असणार असं मला मनापासून वाटायचं. संडे स्कूलपासून ऐकत आलेय की देव सगळ्यांवर प्रेम करतो, पण 'सगळ्यांवर' म्हटलं की मी आपली गर्दीत आलेच, त्यात माझं असं काय?

त्याच दिवसांत बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची लूकनं लिहिलेली हकीकत, वाचत होते. बाराव्या अध्यायात प्रभू येशू चिमण्यांबद्दल बोलतो ते ठिकाण शंभरदा वाचलेलं, पण त्या दिवशी आकड्यावर अडकले. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या आहेत, मग दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात ना, पण लूकमध्ये पाच आहेत! म्हणजे पाचवी वर घातलेली, फुकट. ते नाणं अस्सारियन, दिनाराचा १६ वा भाग, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी, म्हणजे चिमणी तशीही स्वस्तच, आणि पाचवीला तर तेवढीही किंमत नाही. आणि येशू म्हणतो त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. मी बायबल मांडीवर तसंच उघडं ठेवून बसले कितीतरी वेळ. कारण ती पाचवी मी होते, ताईबरोबर वर आलेली.

आरशात बघून 'मी भारी आहे' म्हणायचे प्रयोगही मी केलेत, पण ते मीच मला सांगत होते आणि माझा माझ्यावर विश्वासच नव्हता तर उपयोग काय होणार. इथे सांगणारा दुसरा होता, आणि त्याला माझ्याकडून काही नको होतं.

मग येशूच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे नदीत पाण्यानं झालेल्या दीक्षाविधीचा, भाग नव्यानं कळला. साधारण ३० वर्षांचा तो, अजून एक आजारी बरा केलेला नाही, एक प्रवचन नाही, आणि बाप, म्हणजे देव, आकाशातून म्हणतो, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. कामाच्या आधी! आणि लगेच अरण्यात सैतान काय म्हणतो बघा, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. म्हणजे काहीतरी करून दाखव, मग मानू. मी आयुष्यभर हेच ऐकत आले होते आणि आवाज कुणाचा ते ओळखलंच नव्हतं. येशूनं तेव्हा काहीही करून दाखवलं नाही.

बायबलच्या जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाच्या ४३ व्या अध्यायात देव म्हणतो, मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस. ते तेव्हा इस्राएलाला सांगितलेलं, पण येशूच्या कबरेजवळ रडणारी मग्दालीया मरीया (त्याची शिष्या, आई नव्हे) पुन्हा उठलेल्या येशूला माळी समजते आणि त्यानं नुसतं 'मरीये' म्हटल्यावर ओळखते, ते वाचल्यावर मला पटलं की तो अजूनही अशीच हाक मारतो, एकेकाला. तेव्हापासून सकाळच्या प्रार्थनेत मी आधी थोडा वेळ गप्प बसते.

जुने विचार येतच नाहीत असं नाही, ताईचं कुठे कौतुक झालं की अजून कधीकधी आत टोचतं, मग मी ते तिथल्या तिथे प्रभूला सांगून टाकते.

परवा त्याच काकूंचा फोन आला. ताईचा नवीन नंबर हवा होता. आधी असतं तर दिवसभर मन खात बसलं असतं. नंबर दिला, मग आवाज बारीक वाटला म्हणून विचारलं काय झालं, तर त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं दुसऱ्या दिवशी आणि त्या खूप घाबरल्या होत्या. प्रार्थना करू का विचारलं, हो म्हणाल्या. फोनवरच केली, त्यांच्या आईचं नाव घेऊन.