तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या कमोडमध्ये टाकल्या तर प्लांटमध्ये निघतात का?

लग्नात, बारशाला, लिफ्टमध्ये, कुठेही मी 'सांडपाण्याच्या प्लांटच्या लॅबमध्ये आहे' असं सांगितलं की पहिलं मिनिट समोरच्याचं नाक मुरडण्यात जातं आणि दुसऱ्या मिनिटाला हा प्रश्न येतो. परवा आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमधल्या खालच्या काकूंनी विचारला. हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात मुदत संपलेल्या गोळ्या काठोकाठ.

"अगं, या कमोडमध्ये ओतल्या तर चालेल ना? शेवटी तुझ्याकडेच येणार. तुम्ही काढताच की सगळं."

येतं खरं माझ्याकडेच, काकू. सगळं निघत मात्र नाही.

आमच्याकडे रोज एक साधी चाचणी असते. हवा मारलेल्या बेसिनमधलं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये भरायचं आणि अर्धा तास हात न लावता ठेवायचं. सुरुवातीला सगळं तपकिरी. मग त्यात कापसासारखे पुंजके दिसू लागतात, एक रेघ उमटते आणि ती हळूहळू खाली उतरते. अर्ध्या तासाने तळाशी गाळ, आणि वर इतकं नितळ पाणी की सिलिंडरच्या पलीकडच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येते. नितळ म्हणजे स्वच्छ असं समजून प्लांट बघायला आलेले पाहुणे इथेच फसतात. खरं सांगायचं तर नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही फसले होते.

तो गाळ म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव. आम्ही त्यांना 'बग्ज' म्हणतो, आणि त्यांची काळजी घरच्या जनावरासारखी घेतो. मैला, भाताची पेज, साबण, तेल, जे अन्नासारखं असेल ते बग्ज खातात. पॅरासिटामॉल त्यांना चालतं, आयब्युप्रोफेन चालतं, चहा-कॉफीतलं कॅफीनही बहुतेक संपवतात. पण फिट्‌सवर देतात ते कार्बामाझेपिन जसं येतं जवळपास तसंच बाहेर जातं. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकचाही मोठा भाग निसटतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स पाण्यातून कमी होतात खरी, पण ती गाळाला चिकटून बसलेली असतात. तोच गाळ सुकवून खत म्हणून गेला की तीही शेतात.

मग रिपोर्टमध्ये हे दिसत कसं नाही? कारण आपण ते बघतच नाही. आपण बघतो बीओडी, म्हणजे नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवल्यावर सूक्ष्मजीवांनी किती ऑक्सिजन वापरला तो आकडा. मैल्यासाठी तो उत्तम आहे. औषधासाठी तो वापरणं म्हणजे भंगारवाल्याच्या काट्यावर नथीतला मोती जोखणं. हिशेब करून बघा: डायक्लोफिनॅकची 50 मिलिग्रॅमची एक गोळी 5 कोटी लिटर पाण्यात विरघळली तर लिटरमागे 1 नॅनोग्रॅम होते. 5 कोटी लिटर म्हणजे एखाद्या मध्यम प्लांटचं दिवसभराचं पाणी. एवढंसं काही पकडायला कोटींच्या घरातलं यंत्र लागतं. कागदोपत्री या रसायनांना 'उदयोन्मुख प्रदूषके' म्हणतात, उदयोन्मुख कवी असतात तशी. उदय केव्हाच झालाय हो, मोजणारं यंत्र उशिरा आलं.

एवढ्याशाने काय होतं, असं विचारण्याआधी गिधाडं आठवा. जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरांतून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशातली बहुतेक गिधाडं संपली. कारण कळलं 2004 मध्ये, जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली 2006 मध्ये. ते गटाराच्या पाण्याने झालं नव्हतं, डोसही कितीतरी मोठा होता, त्यामुळे उगाच घाबरवत नाही. पण माणसाला रोज चालणारी गोळी दुसऱ्या जिवाला विष ठरू शकते हे आपण आपल्याच देशात पाहिलंय. आणि आपलं पाणी जातं ठाण्याच्या खाडीत, जिथला फ्लेमिंगोंचा भाग 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

आता काकूंना जे आवडलं नाही ते. डब्यातल्या गोळ्या ही यातली लहान बाजू. मोठी बाजू म्हणजे आपण स्वतः. गिळलेल्या औषधाचा काही भाग शरीर तसाच बाहेर टाकतं, तो कुणाला चुकलेला नाही. पण काकू रोज सकाळी गुडघ्याला जेल चोळतात, हात धुतात आणि अर्ध्या तासात आंघोळीला जातात. चोळलेल्या डायक्लोफिनॅकपैकी अंगात मुरतं साधारण 6 टक्के. बाकीचं हातावर, टॉवेलला, मोरीत. म्हणजे काकूंच्या गुडघ्यापेक्षा माझ्या प्लांटलाच त्याचा जास्त लाभ होतो! मी म्हटलं, जेल आंघोळीनंतर लावा आणि हात धुण्याआधी कागदाला पुसा, कागद कचऱ्यात टाका. त्या म्हणाल्या, "आता गुडघाही तुला विचारून दुखवायचा का?"

काढायची सोय जगात नाही असं नाही. स्वित्झर्लंडने 2016 पासून मोठ्या प्लांटना नेहमीच्या टप्प्यांपुढची, अशी रसायनं काढणारी चौथी पायरी जोडायला सुरुवात केली, त्यासाठी माणशी वर्षाला 9 फ्रँकपर्यंत आकारणी होते. युरोपीय संघाने 2024 मध्ये ठरवलं की या पायरीचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी उचलायचा. मला हे फार पटतं. नाहीतर प्रत्येक वेळी बिल पाणीपट्टीतच का यावं?

पायरीचे मुख्य प्रकार दोन. एक ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे करवंटीचा किंवा दगडी कोळसा भाजून आतून पोखरलेला. त्याच्या चिमूटभर भुकटीत इतकी भोकं असतात की औषधाचे रेणू आत जाऊन चिकटतात. काम चोख, पण लिटरमागे 15 मिलिग्रॅम भुकटी धरली तर 5 कोटी लिटरला रोज पाऊण टन लागते. आणि वापरून झालेली ती पाऊण टन भुकटी? ती जाळावी लागते. नाहीतर घाण पाण्यातून उचलून गाळात ठेवली, एवढंच.

दुसरा ओझोन. तो कार्बामाझेपिनचे तुकडे पाडतो, बघायला सुंदर. पण आपल्याकडे एक मेख आहे आणि ती परदेशी पुस्तिकांमध्ये सहज सापडणार नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीला टेकलेला. मोठ्या भरतीला जुन्या लाइनींच्या सांध्यांतून खारं पाणी शिरतं, आणि आमच्या नमुन्यात क्लोराइड उसळतं, तारीख न बघता सांगता येतं की अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ आलीये. खाऱ्या पाण्यात ब्रोमाइड असतं, ओझोन त्याचं ब्रोमेट करतो आणि ब्रोमेट कर्करोगाच्या संशयितांत मोडतं. म्हणजे औषध काढायला गेलो आणि नवीनच रसायन घडवून बसलो. इथे ओझोन लावायचा तर आधी सांधे बुजवा. प्लंबिंगचं काम, पण त्यावर परिषदा भरत नाहीत.

नॉनस्टिकच्या घराण्यातली पीफास (PFAS) रसायनं तर बग्जही खात नाहीत, ओझोनलाही दाद देत नाहीत. कार्बन-फ्लोरिनचं बंधन फारच चिवट. कोळशाने पकडायची आणि मग 1,000 अंशांच्या वर जाळायची, हा सगळ्यात परिचित रस्ता.

तर काकूंचा डबा. मुदत संपलेली औषधं 2016 च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा धरली होती, वेगळी द्यायची. एक अपवाद सांगते, कारण तो बरोबर उलटा आहे: 2025 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी फेंटानिल, ट्रामाडॉल (जबर वेदनाशामकं), डायझेपाम (गुंगी आणणारं) अशा 17 औषधांची यादी काढली, ती उरली तर फ्लश करा म्हणून. लहान मुलाने चुकून एखादी गिळली तर जीव जाऊ शकतो, त्यापुढे खाडी दुय्यम. काकूंच्या डब्यात त्यातलं काही निघालं नाही, मी एकेक पाकीट उलटून पाहिलं. ॲसिडिटीच्या गोळ्या, चुलत्यांच्या ब्लडप्रेशरच्या, अर्धवट सोडलेले अँटिबायोटिक्सचे तीन कोर्स (त्यावर आमचं वेगळं भांडण झालं).

सकाळी डबा घेऊन मी कचऱ्याच्या गाडीपाशी गेले. गाडीवरचे दादा झाकण उघडून बघत राहिले. "ताई, हे ओल्यात का सुक्यात?" मी म्हटलं, दोन्हीत नाही. ते म्हणाले, मग उद्या विचारून सांगतो. तो डबा सध्या माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे, आणि ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरल्यापासून त्याच्या शेजारी आणखी दोन आलेत.