मावशींच्या कपाटातलं मिशनचं बायबल

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि पत्रिकांचा एक गठ्ठा हातात ठेवला. मराठीत छापलेल्या, वर सात दिव्यांच्या दीपवृक्षाचं चित्र, खाली हिब्रू अक्षरं. म्हणाले, तुमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहूद्यांचं, कुटुंब आहे ना, तुमचं तिथं येणंजाणं आहे, हळूहळू द्या, आधी नुसत्या गप्पा मारा. घरी येऊन पत्रिका वाचली तर पहिली तीन पानं अब्राहाम, मोशे, यशया, आणि येशूचं नाव थेट चौथ्या पानावर. तिथंच माझं मन उडालं. ज्या नावावर माझा जीव आहे ते नाव तीन पानं लपवून ठेवायचं आणि समोरच्याला ही त्याच्याच लोकांची पत्रिका वाटू द्यायची, ही कसली सुवार्ता?

आम्ही ठाण्यात राहतो. शेजारच्या मावशी आता ऐंशीच्या पुढं आहेत, मुलं सगळी इस्राएलला, अश्दोद आणि लोदला. त्यांच्या दाराच्या चौकटीला मेझुझा आहे, म्हणजे देवाचं वचन ठेवलेली छोटी डबी, आत जाताना बाहेर येताना बोटं लावून ओठांना लावतात, मी लहानपणी त्यांचं बघून तसंच करायचे आणि आई ओरडायची, मावशी म्हणायच्या करू दे गं, आत देवाचंच वचन आहे. आणि ते खरंच आहे, आत चर्मपत्रावर बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं "हे इस्राएला, ऐक" लिहिलेलं असतं, जे आमच्या प्रभूने सगळ्यात मोठी आज्ञा म्हणून सांगितलं तेच.

बेने इस्राएलांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते तरी थोडक्यात सांगते. परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा वंश कोकणात वाढला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावानं नाव पाडलं शनवार तेली. आडनावं गावांवरून, रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर. ग्रंथ हरवलेले, हिब्रू विसरलेले, पण शमा, म्हणजे तेच "हे इस्राएला, ऐक", तेवढं तोंडपाठ राहिलं, सुंता राहिली, शब्बाथ राहिला. कोकणात त्यांना त्यांच्या धर्मावरून कुणी मारलं नाही, हाकललं नाही.

मग एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. 1813 मध्ये अमेरिकन मिशन मुंबईत उतरलं, 1829 मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. आमच्याकडे विल्सनसाहेबांचं नाव फार आदरानं घेतात आणि घ्यावंच, माणूस विद्वान होता, पुढं मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पण बेने इस्राएलांच्या बाबतीत त्यांचा हेतू स्पष्ट होता, यांनी ख्रिस्ताला स्वीकारावं. त्यासाठी त्यांनी काय केलं तर शाळा काढल्या आणि 1832 मध्ये चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. विचार असा की जुना करार मूळ भाषेत वाचला की यांना आपोआप नवा करार पटेल. अमेरिकन मिशनच्या शाळांत तर बेने इस्राएल मास्तरच शिकवायला होते. यहूद्यांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या लंडनच्या संस्थेकडूनही माणूस आला होता, मायकेल सार्गन, तो स्वतः कोचीनचा यहूदी, ख्रिस्ती झालेला.

आणि झालं काय? बेने इस्राएल मुलं शाळेत गेली, मुलीही गेल्या, इंग्रजी शिकली, हिब्रू शिकली, तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, मराठीत वाचली, आणि घरी येऊन आधीपेक्षा जास्त यहूदी झाली! बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजके. त्याच विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला तर मुंबईत केवढा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, कितीतरी मुलं शाळेतून काढून घेतली. बेने इस्राएलांत असं काही घडलंच नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर मिशनच्याच शाळेत शिकले, त्यांनी 1875 मध्ये मुंबईत समाजासाठी इस्राएली शाळा काढली आणि समाजाचा मोठा इतिहास लिहिला, 1897 मध्ये लिहून झाला आणि छापला गेला 1937 मध्ये तेल अवीवला. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली, त्यात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बाया नऊवारीत जमिनीवर बसलेल्या दाखवल्यात, ते चित्र मी बघितलंय आणि मला ते इतकं आपलं वाटतं की काय सांगू. पुढं 1880 च्या सुमारास अब्राहाम मोशेची कीर्तनंसुद्धा सुरू झाली, मराठीत, आख्यान लावून.

म्हणजे आमच्या लोकांनी नेलं एक आणि त्यांनी घेतलं दुसरं, आणि मला यात पराभव दिसत नाही. दोन हजार वर्षं शमा धरून बसलेल्या माणसांना त्यांचा हरवलेला ग्रंथ परत मिळाला, आणि तो द्यायला देवानं आमचे मिशनरी वापरले, असं मी मनापासून मानते.

मावशींच्या आजी मिशनच्या शाळेत होत्या. त्यांना बक्षीस मिळालेलं बायबल मावशींच्या कपाटात आहे, कापडात गुंडाळलेलं, आतल्या पानावर शाळेचा शिक्का आणि पुसट शाई. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी कडा बघतच राहिले. उत्पत्तीपासून मलाखीपर्यंत, म्हणजे जुन्या कराराचे, कोपरे काळे पडलेले, स्तोत्रांची पानं तर हात लावला तर सुटतील अशी, मध्ये हळदीचा डाग, आणि मत्तयापासून पुढं, नव्या करारात, कागद करकरीत, दोन पानं तर वरून एकमेकांना जोडलेलीच राहिलीत, कापलीच नाहीत कुणी. शंभर वर्षांत ते पुस्तक कसं वाचलं गेलं ते बाहेरूनच कळतं. आणि तरी फेकलं नाही, मागचा भाग फाडून टाकला नाही.

आमच्या मंडळीतल्या एका भावाशी माझा यावर बराच वाद झाला. तो म्हणतो प्रेषित पेत्र यहूदी, प्रेषित पौल यहूदी, सुवार्ता आधी यहूद्यांनाच सांगितली, मग आज त्यांनाच वगळायचं म्हणजे प्रेम कमी झालं का? हा प्रश्न साधा नाही आणि मी तो टाळत नाही. मला कुणी विचारलं तर मी येशूबद्दल बोलेन, आयुष्यभर बोलेन. पण पौल यहूदी होता, आपल्याच माणसांत उभा राहून भांडत होता. आम्ही बाहेरून आलोय, आणि मधे जे घडलं ते आमच्या नावावर आहे. रोममध्ये पोपच्या हुकुमानं यहूद्यांना जबरदस्तीनं ख्रिस्ती प्रवचनाला बसवायचे, शतकानुशतकं. 1858 मध्ये बोलोन्यात एका मोलकरणीनं आजारी यहूदी बाळाला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता एवढ्यावरून सहा वर्षांचा एडगार्डो मोर्तारा पोलिसांनी आईबापांपासून उचलून नेला आणि परत दिलाच नाही. हे ज्यांच्या आठवणीत आहे त्यांना दीपवृक्षाचं चित्र लावून पत्रिका दिली तर ती कशी दिसत असेल? कॅथलिक चर्चनं 1965 पासून आपली भाषा बदलली आणि 2015 मध्ये व्हॅटिकनच्या एका दस्तऐवजात स्पष्ट आलं की यहूद्यांना उद्देशून वेगळं संस्थात्मक मिशन चर्च चालवत नाही आणि त्याला पाठिंबाही देत नाही. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात एकमत नाही, पण त्यांनी निदान विचार तरी केला.

मला पुन्हा पुन्हा आठवतो तो रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय. रानटी जैतुनाची फांदी कलम करून चांगल्या झाडाला, म्हणजे इस्राएलाला, लावली, ती फांदी म्हणजे आपण, आणि पौल बजावतो की फुशारकी मारू नकोस, तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला आधार देतं. कोकणातल्या माणसाला कलम म्हणजे काय हे वेगळं सांगायला लागत नाही.

बाकी बेने इस्राएल खरे यहूदी आहेत का, याची परीक्षा त्यांच्याच यहूदी लोकांनीही घेतली. इस्राएलला गेल्यावर 1960 च्या दशकात तिथल्या धर्मपीठानं यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वज तपासायला सांगितले, लोक रस्त्यावर उतरले, 1964 मध्ये कुठं ते मिटलं. मावशींचे मोठे दीर त्या काळात तिथं होते. मावशी तो विषय निघाला की भांडी आवरायला उठतात.

तर मी गठ्ठा परत केला. पाळकसाहेबांना वाईट वाटलं, म्हणाले तुमच्यासाठी प्रार्थना करीन, मी म्हटलं नक्की करा. मावशींपासून मात्र लपवायचं नव्हतं म्हणून त्यांना सगळं सांगितलं, त्या मलिद्याची तयारी करत होत्या, पोहे भिजवलेले, नारळ खवत होत्या, नातीची परीक्षा नीट पार पडली म्हणून एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा. खवणी थांबवून ऐकलं, मग म्हणाल्या, मला माहीत होतं कधीतरी येणार, माझ्या आजीला पण द्यायचे, आणि पुन्हा खवायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, ते कपाटातलं पुस्तक काढ, डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, 121 वं स्तोत्र वाच.

मी मराठीत वाचत होते आणि त्या माझ्या मागून हळू आवाजात हिब्रूत म्हणत होत्या, माझी ओळ आधी संपायची, मग मी थांबायचे. 121 संपलं, त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मी 122 सुरू केलं.